अपुऱ्या मापांतून चित्र उभं करताना: जनरेटिव्ह नेटवर्क वापरण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी इंजिनिअरिंगची चार-सहा मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात. पोहे-जिलेबी संपायच्या आत कोणीतरी लॅपटॉप उघडतंच. "काका, फक्त ५० मापं घेतली, तरी बघा आकडा किती स्वच्छ आलाय!" आकडा खरंच स्वच्छ असतो. मी म्हणतो, मूळ चित्र दाखव. मूळ चित्रात ४ असतो आणि स्क्रीनवर ९.

कोडमध्ये एरर नसते, लॉसही छान खाली आलेला असतो. चूक असते कामाच्या क्रमात. जवळजवळ सगळे नेटवर्कपासून सुरुवात करतात आणि मापन कसं होतंय याचा विचार शेवटी करतात. इथे क्रम उलटा आहे: आधी मापन, मग साधी पद्धत, मग जनरेटर (चित्रं काढायला शिकलेलं नेटवर्क), आणि शेवटी आलेल्या चित्रावर नीट संशय. पायथन आणि पायटॉर्च येतं, ग्रेडियंट म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं धरून चाललोय.

सुरुवातीलाच एक समीकरण: वाय = ए × एक्स + नॉइज. एक्स म्हणजे हवं असलेलं चित्र, ए म्हणजे मोजण्याची पद्धत, वाय म्हणजे हाती आलेली मापं. एमनिस्ट या हाताने लिहिलेल्या आकड्यांच्या संचातलं चित्र २८ × २८, म्हणजे ७८४ पिक्सेलचं. मापं १०० घेतली तर अज्ञात ७८४ आणि समीकरणं १००. ही शंभरच्या शंभर समीकरणं तंतोतंत पाळणारी चित्रं अगणित आहेत. त्यातलं कोणतं निवडायचं, हे मापं सांगत नाहीत. ते जनरेटर सांगतो.

सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला उभे असता, गोंगाटात शेजारच्याचं बोलणं तुटक ऐकू येतं: "भैया, भुट्टे का... दो प्लेट... नींबू ज्यादा." इंदूरचा माणूस गाळलेली जागा लगेच "कीस" म्हणून भरतो. बहुतेक वेळा बरोबरच भरतो. पण तो शब्द त्याने ऐकलेला नसतो. जनरेटर नेमकं हेच करतो, आणि तेही आवाज न अडखळता.

## टप्पा १: जुळवाजुळव

एमनिस्टवरचं काम साध्या लॅपटॉपवरही होतं. चेहऱ्यांची ६४ × ६४ रंगीत चित्रं घेतली की जीपीयू हवा. कोलॅब किंवा कॅगलचा फुकटातला पुरतो, फक्त सेशन मध्येच तुटतं. म्हणून दर काही चित्रांनंतर सापडलेले झेड (जनरेटरला दिले जाणारे थोडे आकडे, टप्पा ४ बघा), रँडम सीड आणि ए मॅट्रिक्स फाइलमध्ये टाकत जा.

डेटाचे तीन ढीग करा. पहिला जनरेटर शिकवण्यासाठी: एमनिस्टची ६०,००० चित्रं. उरलेल्या १०,००० मधली शंभरेक लर्निंग रेट, लॅम्डा (टप्पा ५ मध्ये येतो) वगैरे ठरवायला. बाकीच्यांतून शेवटच्या परीक्षेची चित्रं घ्या आणि त्यांना परीक्षेपर्यंत हात लावू नका.

ढीग करताना चित्र मोजू नका, माणूस मोजा. सेलेबए या प्रसिद्ध चेहऱ्यांच्या संचामध्ये दोन लाखांहून जास्त चित्रं आहेत, पण माणसं दहा हजारांच्या आसपास. चित्रं सरसकट पिसली तर एकाच माणसाचा चेहरा शिकवणीतही येतो आणि परीक्षेतही. त्या संचासोबत मिळणारी अधिकृत वाटणी माणसांनुसार केलेली आहे, तीच वापरा. एमआरआयमध्ये तर एका रुग्णाचे लागोपाठचे काप एकमेकांची भावंडं असतात. तिथे वाटणी रुग्णानुसारच.

तपासा: तिन्ही ढिगांच्या फाइलनावांची यादी काढून छेद घ्या. तो रिकामा आला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही.

## टप्पा २: मापनयंत्रणा लिहून काढा

नेटवर्कला अजून हात लावायचा नाही. आधी ए चं एक फंक्शन लिहा, ज्यात चित्र जातं आणि मापं बाहेर येतात. कोणती मापं, ते तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे.

सरावासाठी रँडम गॉशियन मॅट्रिक्स सगळ्यात सोयीचं. मापं एम असतील तर प्रत्येक घटकाचा व्हेरियन्स १ / एम ठेवा, म्हणजे सगळे रँडम आकडे एमच्या वर्गमुळाने भागा. म्हणजे मापांची लांबी सरासरीने चित्राच्या लांबीएवढीच राहते. हा भागाकार विसरला की लॉसचे आकडे फुगतात, लर्निंग रेट चालेनासा होतो आणि मुलं तासभर ऑप्टिमायझरला शिव्या देत बसतात. दुसरी नेहमीची चूक: ए लूपच्या आत तयार करणं. मग दर पायरीला मॅट्रिक्स बदलतं आणि वाय मात्र जुनाच राहतो. ए एकदाच तयार करून सेव्ह करायचा.

एमआरआयसारखं काम असेल तर ए म्हणजे फूरिये रूपांतर आणि वर एक मास्क. इथे तीन खड्डे आहेत. पहिला, शिफ्टचा क्रम: मास्क मध्य धरून बनवलेला आणि फूरिये कोपऱ्यातून सुरू होणारा असेल, तर नेमक्या हव्या त्या कमी फ्रिक्वेन्सी गळतात. दुसरा, नॉर्मलायझेशन: ऑर्थो ठेवा, नाहीतर पुढे-मागे जाताना आकड्यांची पट्टी बदलते. तिसरा सगळ्यात फसवा. नेटवरून मिळालेली फक्त मॅग्निट्यूडची, जेपेग झालेली चित्रं घ्यायची आणि त्यांचं फूरिये करून "एमआरआयची मापं" म्हणायचं. खऱ्या मापांना फेज असतो. तो काढून टाकला की फूरिये सममित होतं, अर्धी माहिती फुकटात मिळते आणि निकाल खोटा सुंदर दिसतो. २०२२ मध्ये पीएनएएस नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने अशा प्रकारांना "डेटा क्राइम" असंच नाव दिलं. कच्ची मापं हवी असतील तर फास्टएमआरआय संच आहे, तोच घ्या.

सीटीसाठी ए म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या सावल्या. इंदूरच्याच राजा रामन्ना केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे इमेजिंगची बीमलाइन आहे. तिथे नमुना फिरवत फिरवत प्रतिमा घेतात. प्रत्येक कोनाला वेळ लागतो आणि नमुन्यावर किरणांचा मारा वाढतो, म्हणून कमी कोनांत भागवण्याचा मोह अगदी व्यावहारिक असतो. समांतर किरणांची नक्कल करताना ० ते १८० अंशांची यादी बनवली जाते आणि दोन्ही टोकं यादीत राहतात. १८० अंशांची सावली म्हणजे ० अंशांचीच सावली आरशात बघितलेली. ३० मापं म्हणता आणि २९ वापरता. शिवाय तिथला नॉइज फोटॉन मोजण्याचा आहे, म्हणजे पॉइसाँ. सगळीकडे सारखा गॉशियन नॉइज मिसळून काम भागत नाही.

सावधान: ज्या ग्रिडवर मापांची नक्कल केली त्याच ग्रिडवर पुनर्रचना केली तर ग्रिडमुळे होणारी चूक आपोआप लपते. जमेल तिथे मापं बारीक ग्रिडवर बनवा, म्हणजे ५१२ वर, आणि चित्र २५६ वर उभं करा. आणि नॉइज घालायलाच विसरू नका. नॉइजविना मापं फक्त वहीत असतात.

तपासा: ए आणि त्याचा ट्रान्सपोज दोन्ही लिहिले असतील तर एक रँडम चित्र यू आणि एक रँडम मापसंच व्ही घ्या. ए लावलेल्या यू चा व्ही शी डॉट प्रॉडक्ट आणि यू चा ट्रान्सपोज लावलेल्या व्ही शी डॉट प्रॉडक्ट सारखेच यायला हवेत. डबल प्रिसिजनमध्ये फरक दहाव्या-बाराव्या दशांशात दिसावा. पहिल्या-दुसऱ्याच दशांशात दिसला तर पुढे जाऊ नका. बग इथेच आहे.

## टप्पा ३: आधी जुन्या पद्धतीने सोडवून बघा

हा टप्पा मुलांना कंटाळवाणा वाटतो. तरी तो करा, कारण "नेटवर्कने चांगलं आलं" या वाक्याला "कशापेक्षा" याचं उत्तर लागतं.

एमनिस्टची चित्रं बहुतांश काळी असतात, म्हणून पिक्सेलवरच लॅसो (बहुतेक आकडे शून्य असलेलं उत्तर शोधणारी जुनी पद्धत) लावता येतो. फोटोंसाठी डीसीटी किंवा वेव्हलेटवर लॅसो, सीटीसाठी टोटल व्हेरिएशन. लॅसोचा अल्फा, म्हणजे शून्यांवर किती जोर द्यायचा तो आकडा, दुसऱ्या ढिगावर ठरवा. जनरेटरला चार दिवस सजवायचं आणि लॅसो डिफॉल्टवर चालवायचा, ही तुलना नव्हे.

## टप्पा ४: जनरेटरची मर्यादा मोजा

आता नेटवर्क. जनरेटर म्हणजे थोडे आकडे (झेड) घेऊन पूर्ण चित्र देणारं फंक्शन. व्हीएई आणि गॅन हे अशा नेटवर्कचे दोन प्रकार: व्हीएई असेल तर त्याचा डिकोडर, गॅन असेल तर त्याचा जनरेटर. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या २०१७ च्या कामात एमनिस्टसाठी २० आकड्यांचा झेड होता, डिकोडर २०-५००-५००-७८४ असा साधा. चेहऱ्यांसाठी १०० आकड्यांचा झेड आणि डीसीगॅन, म्हणजे कॉन्व्होल्यूशनवर बांधलेला गॅन. सुरुवात याच मापाने करा. मोठं मॉडेल घेतलं की चूक कुठे आहे ते शोधायला आठवडा जातो.

जोडणी करताना चार गोष्टी.

जनरेटर इव्हॅल मोडमध्ये टाका, नाहीतर बॅचनॉर्म आणि ड्रॉपआउट दर पायरीला उत्तर बदलत राहतात.

वजनं गोठवा. ऑप्टिमायझरला फक्त झेड द्या. वजनं चुकून दिली गेली तर लॉस झपाट्याने शून्याकडे जातो आणि मुलं खूश होतात.

पिक्सेलची पट्टी जुळवा. टॅनएच असलेला जनरेटर -१ ते १ मध्ये बोलतो, सिग्मॉइडवाला ० ते १ मध्ये, आणि फाइलमधलं चित्र ० ते २५५. मापं ज्या पट्टीतल्या चित्राची घेतलीत, जनरेटरचं चित्र त्याच पट्टीत आणून मगच ए लावायचा.

जनरेटर काळ्या-पांढऱ्या बायनरी आकड्यांवर शिकलाय का, ते बघा. तसा असेल आणि परीक्षेची चित्रं राखाडी छटांची असतील, तर कडांवर कायमची चूक राहणार.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. ए बाजूला ठेवा. परीक्षेसारखं एक चित्र घ्या, पूर्णच्या पूर्ण, सगळे पिक्सेल दिलेले. आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा झेड शोधा. आलेलं चित्र आणि मूळ चित्र यांतला फरक म्हणजे जनरेटरची स्वतःची मर्यादा. सगळी माहिती हातात असताना त्याला तुमचा ८ नीट काढता येत नसेल, तर १०० मापांतून तो काय काढणार?

मी एकदा गंमत म्हणून चेहऱ्यांवर शिकलेल्या जनरेटरला इंदूरच्या राजवाड्याचा दर्शनी फोटो पूर्ण दिला. खाली दगडाचे तीन मजले, वर लाकडाचे चार, असा तो सात मजली दरवाजा. जनरेटरने परत दिला एक तपकिरी, जरा त्रासलेला चेहरा, खिडक्यांच्या ओळीच्या जागी कपाळावरच्या आठ्या. तो काही नापास झाला नाही. त्याला ठाऊक असलेल्या जगात राजवाड्याच्या सगळ्यात जवळ तेच होतं. हे उदाहरण हास्यास्पद आहे म्हणून पकडलं जातं. निरोगी गुडघ्यांवर शिकलेल्या जनरेटरला दुखावलेला गुडघा दिला तर उत्तर हास्यास्पद दिसणार नाही. ते निरोगी दिसेल.

तपासा: दुसऱ्या ढिगातली ५० चित्रं या परीक्षेतून काढा. सरासरी बघण्याआधी सगळ्यात वाईट आलेली पाच बघा.

## टप्पा ५: झेडचा शोध

आता ए परत आणा. शोधायचा आहे असा झेड, ज्याचं जनरेटरने काढलेलं चित्र ए मधून गेल्यावर वायच्या जवळ पडेल. लॉस दोन भागांचा: मापांतल्या फरकाच्या वर्गांची बेरीज, अधिक लॅम्डा गुणिले झेडच्या वर्गांची बेरीज. दुसरा भाग झेडला त्याच्या ओळखीच्या गल्लीत ठेवतो.

पायऱ्या अशा:

१. झेड सामान्य वितरणातून रँडम घ्या आणि त्यावर ग्रेडियंट चालू करा.

२. अॅडम लावा. वर सांगितलेल्या मूळ कामात एमनिस्टसाठी लर्निंग रेट ०.०१ आणि लॅम्डा ०.१, चेहऱ्यांसाठी ०.१ आणि ०.००१ होते. इथून सुरू करा, आंधळेपणाने मात्र नको.

३. एमनिस्टला १००० पायऱ्या द्या आणि अख्खा शोध १० वेळा नव्या झेडपासून करा. चेहऱ्यांना तिथे ५०० पायऱ्या आणि २ रिस्टार्ट दिले होते. वेळ असेल तर जास्त द्या.

४. दहापैकी ज्याचा मापांतला फरक सगळ्यात कमी, तोच ठेवा.

चौथ्या पायरीवर अप्रामाणिकपणा नकळत शिरतो. मूळ चित्र हाताशी असतं, म्हणून त्याच्याशी तुलना करून दहातला सगळ्यात चांगला निवडला जातो. प्रत्यक्षात मूळ चित्र नसतंच, नाहीतर हा उद्योग कशाला केला असता? निवड फक्त वाय बघून करायची. मूळ चित्राची फाइल लोड करणारी ओळ वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे मोहच होणार नाही.

लॅम्डाचीही एक खोड आहे. बेरजेऐवजी सरासरी घेतली, म्हणजे पायटॉर्चचा डिफॉल्ट एमएसई लॉस वापरला, तर मापांचा भाग एम पट हलका होतो. लॅम्डा तोच राहतो आणि १०० मापांवर त्याचं वजन शंभर पट वाढतं. मग सगळी चित्रं एकाच सरासरी आकड्यासारखी, धुरकट ८ सारखी, दिसू लागतात. कोणी "सगळे आकडे सारखेच येतायत" म्हणालं की मी आधी ही ओळ बघतो.

कुठे थांबायचं? प्रत्येक मापातल्या नॉइजचं स्टँडर्ड डेव्हिएशन सिग्मा असेल, तर मापांतल्या फरकाच्या वर्गांची बेरीज साधारण एम × सिग्माचा वर्ग एवढी झाली की पुरे. १०० मापं आणि सिग्मा ०.०१ असेल तर ०.०१ च्या आसपास. त्याच्या खूप खाली जाणं म्हणजे नॉइजचं चित्र काढणं. त्याच्या खूप वर अडकला असाल तर एकतर शोध चुकलाय किंवा चित्र जनरेटरच्या जगाबाहेरचं आहे. दुसरी शक्यता टप्पा ४ मध्ये आधीच मोजून ठेवलेली असते, म्हणून तो टप्पा.

तपासा: झेडची लांबी छापा. १०० आकड्यांचा रँडम झेड साधारण १० लांबीचा असतो. तुमचा ४० लांबीचा आला तर तो गावाबाहेर भटकतोय. लॅम्डा वाढवा.

### ४ आणि ९ चा तिढा

दहाही रिस्टार्टची चित्रं आणि त्यांचे मापांतले फरक शेजारी शेजारी मांडा. सहा ठिकाणी ४ आला, चार ठिकाणी ९. ९ चे फरक ४ पेक्षा बरेच जास्त असतील तर तो स्थानिक खड्डा आहे. शोध तिथे अडकला, रिस्टार्ट वाढवले की सुटेल. पण ४ आणि ९ दोघांचेही फरक नॉइजच्या पातळीवर येत असतील, तर दोन्ही चित्रं मापांना मान्य आहेत. मग रिस्टार्ट वाढवून, लर्निंग रेट बदलून काही होणार नाही. मापंच वाढवायला हवीत. या दोन आजारांची लक्षणं सारखी असली तरी औषधं वेगळी, आणि आमच्याकडे येणारी निम्मी मुलं दुसऱ्या आजारावर पहिल्याचं औषध घेत असतात.

## टप्पा ६: मापांची संख्या बदलून बघा

एकाच एमवर निष्कर्ष काढू नका. १०, २५, ५०, १००, २००, ३००, ५०० असं करत जा, प्रत्येक ठिकाणी तीच चित्रं, आणि जनरेटर व लॅसो दोन्हींची चूक एकाच आलेखावर काढा.

कमी मापांत जनरेटर लॅसोला बरंच मागे टाकेल. २०१७ च्या त्या कामात लॅसोच्या तोडीच्या अचूकतेला काही ठिकाणी ५ ते १० पट कमी मापं लागली होती. पण मापं वाढत गेली की जनरेटरची रेषा आडवी होते आणि लॅसो वरून खाली येऊन तिला ओलांडतो. हा बग नाही. जनरेटर स्वतःच्या मर्यादेला, म्हणजे टप्पा ४ मध्ये मोजलेल्या आकड्याला, टेकला. आडवी रेषा त्या आकड्याच्या बरीच वर थबकली असेल, तर मात्र शोधात दोष आहे.

## टप्पा ७: जनरेटर नसेल किंवा पुरत नसेल

तुमच्या प्रकारच्या चित्रांचा संचच नसेल तर डीप इमेज प्रायर वापरा, २०१८ ची कल्पना. यात झेड रँडम घेऊन तसाच ठेवतात आणि न शिकलेल्या कॉन्व्होल्यूशनल नेटवर्कची वजनं त्या एकाच चित्राच्या मापांवर शिकवतात. नेटवर्कची घडणच अशी की गुळगुळीत, चित्रासारखं आधी येतं आणि नॉइज नंतर. सगळी मदार योग्य वेळी थांबण्यावर. थांबायची वेळ डोळ्यांनी ठरवू नका. साधारण ५ टक्के मापं बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिकवा, आणि बाजूच्या मापांतला फरक वाढायला लागला की थांबा.

जनरेटर आहे पण त्याचं जग तोकडं पडतं, अशा वेळी आता बहुतेक जण डिफ्यूजन मॉडेलकडे वळतात. नॉइजपासून सुरू करून मॉडेल पायरीपायरीने चित्र स्वच्छ करतं. प्रत्येक पायरीला "या घडीला स्वच्छ चित्र कसं असेल" याचा अंदाज घ्यायचा, त्याला ए लावून वायशी ताडायचं, आणि त्या फरकाच्या ग्रेडियंटने चित्र थोडं ढकलायचं. ग्रेडियंट नेटवर्कमधून मागे जातो, म्हणून मेमरी भरपूर लागते. बॅच १ ठेवा. ढकलण्याचं प्रमाण फारच कमी असेल तर सुंदर पण असंबंधित चित्र येतं, फार जास्त असेल तर पट्टे आणि ठिपके. ते दुसऱ्या ढिगावर ठरवा, आणि आलेल्या चित्राचा मापांतला फरक मोजल्याशिवाय ते कोणाला दाखवू नका. डिफ्यूजनचं चित्र इतकं देखणं असतं की मापं पाळली का, हे विचारायचं सुचतच नाही.

## टप्पा ८: संशय

२०२० मध्ये पल्स नावाच्या पद्धतीची गोष्ट गाजली. अगदी लहान, अस्पष्ट फोटोवरून ती जनरेटरच्या झेडमध्ये शोध घेऊन मोठा, स्पष्ट चेहरा काढत असे. कोणीतरी तिला बराक ओबामांचा बारीक केलेला फोटो दिला. उत्तर आलं ते एका गोऱ्या माणसाचं. तो चेहरा बारीक केला की दिलेल्या अस्पष्ट फोटोशी जुळत होता. मापं पाळली गेली होती. जी मापली नव्हती ती जागा शिकवणीतल्या चेहऱ्यांनी भरली.

म्हणून मापं पाळली एवढ्यावर भागत नाही. आणखी तीन परीक्षा घ्या.

एकाच वायवरून २० वेगवेगळी उत्तरं काढा: डिफ्यूजनमध्ये २० सीड, जनरेटरमध्ये मापांना मान्य असलेले सगळे रिस्टार्ट. प्रत्येक पिक्सेलचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून त्याचा नकाशा बनवा. जिथे तो उजळ, तिथे मापं बोलत नाहीत, मॉडेल बोलतंय. उलट मात्र खरं नाही. नकाशा काळा आहे म्हणजे तिथे सत्यच आहे असं नाही, सगळी वीस उत्तरं एकाच पूर्वग्रहाने एकसारखी चुकलेली असू शकतात.

मग एखादी छोटी खूण पेरा. मूळ चित्रात ३ × ३ चा एक ठिपका घाला, मापं नव्याने घ्या, पुनर्रचना करा. ठिपका परत आला का? जागा आणि तीव्रता बदलून हे करा. शिकवणीत नसलेली बारीक गोष्ट गायब होते का, हे कळायचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

आणि मापांत नॉइजच्या पातळीचाच छोटा बदल करा. चित्र त्या प्रमाणातच बदललं पाहिजे. शिकलेल्या पुनर्रचना पद्धती अशा किरकोळ बदलांनी भलत्याच घसरू शकतात, हे २०२० मध्ये पीएनएएसमधल्याच एका अभ्यासाने एमआरआय आणि सीटीच्या उदाहरणांवर दाखवलं होतं.

सावधान: आजोबांच्या पेटीतला होळकरशाहीतला मोडी कागद वाळवीने खाल्लाय, आणि मोडी अक्षरांवर शिकलेला जनरेटर छिद्र भरून देतो, असं समजा. भरलेलं अक्षर वळणदार असेल, शाईसुद्धा जुळेल. पण ते कागदावर नव्हतं. "दिले" होतं की "घेतले", हे छिद्राला विचारून कळत नाही. भरलेली जागा वेगळ्या रंगात ठेवा. वैद्यकीय चित्रांना तर हे दुप्पट लागू आहे. घरच्या प्रयोगातलं चित्र कोणाच्याही निदानासाठी पुढे करू नका.

## टप्पा ९: आकडे मांडताना

पीएसएनआर (चित्र मूळच्या किती जवळ आलं ते डेसिबलमध्ये सांगणारा आकडा) काढताना पट्टीची रुंदी कोणती धरली ते लिहा. चित्रं ० ते १ मध्ये असताना रुंदी २ धरली तर आकडा फुकटात ६ डेसिबलने वाढतो. दोन मुलांचे निकाल जुळत नसतील तर बहुतेक वेळा भांडण इथलंच असतं. एसएसआयएम हा दोन चित्रांच्या घडणीतलं साम्य मोजणारा आकडा; त्याची खिडकी आणि रुंदी दोन्ही पद्धतींना तीच ठेवा.

जनरेटरच्या चित्राला पीएसएनआर कमी आणि लॅसोच्या धुरकट चित्राला जास्त, असंही दिसेल. चुकीच्या जागी काढलेली तीक्ष्ण कड धुरकट कडेपेक्षा जास्त दंड खाते. म्हणून आकड्यासोबत काम मोजा: एमनिस्टवर एक साधा वर्गीकारक शिकवून ठेवा आणि पुनर्रचनेतून त्याने आकडा बरोबर ओळखला का, ते मोजा. ४ चा ९ झालेला तिथे लगेच सापडतो.

चित्रं दाखवताना मूळ, लॅसो, जनरेटर आणि डेव्हिएशनचा नकाशा अशा चार रांगा ठेवा, सगळ्यांना एकच रंगपट्टी. कोणती चित्रं दाखवायची ते सीडने ठरवा, हाताने नाही. आणि रांगेच्या शेवटी तुमच्या परीक्षेतली सगळ्यात वाईट तीन चित्रं लावा. रविवारी येणार असाल तर मी आधी तीच मागतो.